स्पीकरमधली गुणगुण शोधताना

गाणं संपतं, पुढचं सुरू व्हायला दोन-तीन सेकंद असतात, आणि तेवढ्यात स्पीकरमधून बारीक ‘म्म्म्म’ ऐकू येतं. एकदा ते कानाला सापडलं की सुटत नाही. मग गाणं चालू असतानाही कान त्यालाच शोधत बसतो.

माझ्या सिस्टिममध्ये पहिल्यांदा अशी गुणगुण आली तेव्हा मी नवशिका जे करतो तेच केलं. बोटाएवढी जाड केबल आणली. गुणगुण होती तिथेच. मग वीज ‘शुद्ध’ करून देतो म्हणणारा एक डबा आणला, तरी गुणगुण होती तिथेच. तीन महिन्यांनी भिंत रंगवायची म्हणून टीव्हीला येणारी केबलची वायर काढली आणि खोली एकदम शांत झाली. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला जोडलेला होता, एवढंच कारण. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: आवाज शोधताना सिस्टिममध्ये काहीही नवीन जोडायचं नाही, असलेलं काढत जायचं. खाली जी रीत सांगतोय ती सगळी या एका नियमावर उभी आहे. पैसे खर्च करायची वेळ आलीच तर ती शेवटी येते, आणि तोवर नेमकं काय घ्यायचं हे कळलेलं असतं.

हात लावण्याआधी

कुठलीही केबल काढताना किंवा लावताना ॲम्प्लिफायर बंद करा. अगदीच चालू ठेवायचा असेल तर व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. आरसीए केबल (मधे एक पिन आणि भोवती कडी असलेल्या गोल प्लगची ऑडिओ केबल) ओढताना बाहेरची कडी आधी सुटते आणि मधली पिन नंतर. त्या क्षणभरात स्पीकरमधून जो भर्र आवाज निघतो त्याने ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) जाऊ शकतो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर स्पीकर न जोडता तो चालू करू नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ‘प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, हमिंग जाईल’ असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. हमिंग बहुधा जाईलही. पण ती पिन आवाजासाठी दिलेलीच नाही. यंत्राच्या आतली एखादी तार सुटून त्याच्या धातूच्या डब्याला टेकली तर वीज अर्थिंगमधून जावी आणि फ्यूज उडावा, म्हणून ती असते. पिन काढली तर तीच वीज डब्याला हात लावणाऱ्याची वाट पाहत राहते. शिवाय आरसीए केबलमध्ये मधल्या तारेभोवती जी धातूची जाळी असते तिच्यातून ती सिस्टिममधल्या प्रत्येक डब्यापर्यंत पोहोचते. ज्या उपकरणावर एकात एक दोन चौकोनांची खूण असते ते दुहेरी इन्सुलेशनचं असतं, त्याला मुळात अर्थिंग लागत नाही. बाकी कुठल्याही प्लगची पिन काढायची नाही. अर्थिंगला हात न लावता हमिंग घालवायचे रस्ते आहेत, ते पुढे येतील.

आणि डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही बराच वेळ वीज साठलेली असते.

आधी नुसतं ऐका

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि निम्मं उत्तर तिथेच असतं. व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा, गाणं बंद करा, स्पीकरजवळ बसा आणि आवाज कसा आहे ते वहीत लिहा. वही लागतेच. चौथ्या केबलनंतर आधी काय ऐकलं होतं ते आठवत नाही.

खोल, गुळगुळीत, एकसुरी गुणगुण असेल तर ती विजेची मूळ वारंवारता: 50 हर्ट्झ किंवा 60 हर्ट्झ, ज्या देशात जी असेल ती. 50 हर्ट्झ हा सूर पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातल्या खर्जाच्या तारेच्याही खाली असतो, म्हणून छोट्या स्पीकरवर तो धड ऐकूही येत नाही, फक्त वूफर (खालच्या सुरांचा मोठा पडदा) हलताना दिसतो. असा गुळगुळीत आवाज सहसा जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो किंवा अर्थिंगच्या वाटेने येतो.

त्याला धार असेल, घरघर किंवा भुंग्यासारखं काही असेल, तर त्यात दुप्पट, तिप्पट अशा वरच्या वारंवारता मिसळलेल्या आहेत. ॲम्प्लिफायरच्या आत एसीचं डीसी होतं तेव्हा उरलेली लहर 100 किंवा 120 हर्ट्झची असते. वीजपुरवठ्याचे कपॅसिटर थकले की ती ऐकू यायला लागते. दिव्याच्या डिमरची घरघर याहून कर्कश असते, आणि डिमर फिरवला की बदलते. तिथेच ती पकडली जाते.

वरच्या पट्टीतली ‘सस्स्स’ ही वेगळी जात आहे, तिच्याकडे नंतर येऊ. अधूनमधून एकच ‘टक्’ येत असेल तर फ्रिज किंवा मोटर चालू-बंद होतेय. बारीक शिट्टी किंवा किरकिर, आणि ती कॉम्प्युटरचा माउस हलवला की बदलते, याचा अर्थ यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरचा कचरा येतोय. जुन्या पद्धतीच्या जीएसएम फोनचं ‘टर्र-टर्र-टर्र’ अनेकांना आठवत असेल. तो फोन सेकंदाला साधारण 217 वेळा रेडिओलहरींचा झटका देतो, आणि ॲम्प्लिफायर त्या झटक्यांचा सूर करून ऐकवतो.

फोनवर वारंवारतेचा आलेख दाखवणारं एखादं मोफत ॲप मिळालं तर उत्तम. आलेखात 50 वर एकच सुळका आहे, की 100, 200, 300 अशी रांग आहे, हे पाहून कान काय म्हणतोय त्याची खात्री होते. फोनचा माइक खूप खालचे सूर कमी पकडतो, तेवढं लक्षात ठेवा.

आता स्पीकरपासून उठून ॲम्प्लिफायरच्या डब्याला कान लावा. आवाज तिथूनच येत असेल तर हा ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्ष थरथरतोय. त्याला केबल, अर्थिंग, जाळी कशाचाच उपयोग नाही. वाटोळे, म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर यात जास्त नाजूक असतात. घरातल्या विजेत थोडा डीसी मिसळला तरी ते गुरगुरतात. काही हेअर ड्रायर कमी उष्णतेवर चालवले की लहरीचा अर्धाच भाग वापरतात, आणि तेवढ्यानेही हे होतं. ड्रायर बंद झाल्यावर गुरगुर थांबली तर दुरुस्त करायला काही नाही.

व्हॉल्यूमचं बटण

हातातलं सगळ्यात चांगलं मोजमापाचं साधन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण. गाणं बंद ठेवून ते हळूहळू शून्यापासून वर न्या.

नको असलेला आवाज बटणाबरोबर वाढला-घटला तर तो व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे एखाद्या सोर्सकडून (सीडी प्लेयर, टीव्ही असं आवाज पुरवणारं यंत्र), त्याच्या केबलमधून किंवा प्रीॲम्पच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या भागाच्या, पहिल्या टप्प्यातून येतोय. बटण कुठेही असलं तरी आवाज तेवढाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या नंतर घुसतोय. मग पॉवर ॲम्प्लिफायर, प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पमधली केबल किंवा स्वतंत्र प्लगवर चालणारा सबवूफर, एवढेच संशयित उरतात. एका मिनिटात अर्धं घर बाद होतं.

तिसराही प्रकार असतो: बटण मधल्या जागी असताना आवाज सगळ्यात जास्त, दोन्ही टोकांना कमी. हा जुन्या सिस्टिममध्ये भेटतो. व्हॉल्यूमच्या पॉटची (बटणामागच्या बदलत्या रोधाची) मधली जागा विजेच्या दृष्टीने सगळ्यात ‘उघडी’ असते, तिथे बाहेरचं काहीही पटकन घुसतं. पॉटच्या धातूच्या खोळीला बोट लावल्यावर आवाज बदलला तर खोळीची अर्थची तार सुटली आहे.

यानंतर इनपुट निवडायचं बटण फिरवा. सगळ्या इनपुटवर तसाच आवाज आहे की एकाच? एकाच असेल तर पुढचा अर्धा लेख तुम्हाला लागणारही नाही, त्या सोर्सकडे जा. पण एक फसवणूक इथे आहे. बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये न निवडलेल्या इनपुटच्या जाळ्याही आत एकमेकींना जोडलेल्या राहतात. टीव्ही निवडलेला नसला तरी टीव्हीच्या केबलमुळे सीडीवर हमिंग येऊ शकतं. माझे तीन महिने गेले ते इथेच.

आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर डावी-उजवी अदलाबदल करा, पण एका वेळी एकाच ठिकाणी. ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर डावी-उजवी केबल बदलली आणि आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या मागे आहे. गेला नाही तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा पुढे.

सगळं काढा, मग एकेक लावा

आता खरं काम. ॲम्प्लिफायर बंद करा आणि त्याला जोडलेली प्रत्येक गोष्ट काढा. सोर्स तर काढायचेच, शिवाय टेप आउट, सबवूफर आउट, यूएसबी, नेटवर्कची वायर, अँटेना, सगळं. फक्त ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि विजेचा प्लग एवढंच उरलं पाहिजे. चालू करा आणि ऐका.

आता शांत असेल तर ॲम्प्लिफायर बरा आहे. अजून आवाज असेल तर रिकाम्या इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग घालून पाहा. हा म्हणजे आरसीएचा साधा प्लग, ज्यात मधली पिन आणि बाहेरची कडी आतून जोडलेली असते. डाग देता (सोल्डर करता) येत असेल तर दहा मिनिटांत घरी होतो. मात्र तो फक्त इनपुटमध्येच घालायचा, आउटपुटमध्ये कधीच नाही. इनपुट असं बंद केल्यावर शांतता झाली तर उघडं इनपुट अँटेनासारखं हवेतलं काहीतरी उचलत होतं. तरीही आवाज राहिला तर तो ॲम्प्लिफायरच्या आतला, आणि त्यासाठी शेवटचा भाग वाचा.

ॲम्प्लिफायर शांत आहे असं धरू. आता एकच सोर्स जोडा, पण त्याचा विजेचा प्लग लावू नका. नुसती केबल लागल्याने आवाज आला का? मग केबल तपासा: जाळी तुटलेली आहे का, किंवा ती एखाद्या ॲडॉप्टरला चिकटून जातेय का. केबलने काही झालं नाही तर सोर्सचा प्लग लावा. प्लग लावल्यावर आवाज सुरू झाला, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. सगळं शांत असेल तर दुसरा सोर्स, मग तिसरा. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम लावल्या आणि आवाज आला, की पुन्हा पहिल्यापासून.

अर्थिंगचा फास

घरच्या सिस्टिममधल्या हमिंगचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबू.

आरसीए केबलमध्ये दोनच वाटा असतात. मधल्या तारेतून संगीत जातं आणि भोवतीच्या जाळीतून ते परत येतं. हीच जाळी दोन्ही यंत्रांच्या डब्यांना जोडते. आता दोन्ही यंत्रांना अर्थिंगची पिन असेल तर ती भिंतीतल्या वायरिंगमधूनही एकमेकांना जोडलेली आहेत. म्हणजे जाळीतून जाऊन अर्थिंगमधून परत येणारं एक बंद कडं तयार झालं. याला ग्राउंड लूप म्हणतात. हे कडं एका वेटोळ्याच्या मोठ्या कॉइलसारखं वागतं. घरभर पसरलेल्या विजेच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र त्यातून जातं आणि कड्यात प्रवाह वाहू लागतो. शिवाय दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये मुळातच थोडा व्होल्टेजचा फरक असतो, तोही प्रवाह ढकलतो.

तो प्रवाह संगीताच्याच जाळीतून जातो, ही खरी अडचण. समजा जाळीचा रोध 0.1 ओहम आहे आणि तिच्यातून 10 मिलिअँपिअर प्रवाह जातोय. जाळीच्या दोन टोकांत 1 मिलिव्होल्टचा फरक पडला. ॲम्प्लिफायर हा फरक संगीतातच धरतो, कारण त्याला जाळीचं आपल्याकडचं टोक म्हणजे शून्य असंच वाटतं. सीडी प्लेयर पूर्ण आवाजात साधारण 2 व्होल्ट देतो. त्याच्यापुढे 1 मिलिव्होल्ट म्हणजे 66 डेसिबल खाली. कागदावर हा आकडा बरा दिसतो, पण रात्री शांत खोलीत ऐकू येतो.

संशयितांची रांग ठरलेली आहे. पहिला, बाहेरून येणारी अँटेनाची किंवा केबल टीव्हीची वायर. तिची जाळी इमारतीत दुसरीकडेच कुठेतरी जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे कडं फार मोठं होतं. ती टीव्हीमधून किंवा सेट-टॉप बॉक्समधून उपसा. हमिंग गेलं तर तपास संपला. दुसरा, चार्जरवरचा लॅपटॉप. चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि ऐका. तिसरा, सबवूफर: त्याचा प्लग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि केबल पाच मीटरची. चौथा, डेस्कटॉप कॉम्प्युटर.

उपायांची सुरुवात फुकटातल्या गोष्टीने करा. सिस्टिममधली सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. बोर्ड तेवढा भार पेलणारा असावा आणि हीटरसारखं काही त्यावर नसावं. सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी आलं की कडं लहान होतं आणि व्होल्टेजचा फरकही जवळजवळ संपतो. सिग्नलच्या केबल गरजेपुरत्याच लांब ठेवा. विजेच्या आणि सिग्नलच्या वायरी एकत्र बांधू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. प्लग दोन पिनांचा असेल आणि सॉकेटमध्ये उलटाही बसत असेल, तर उलटा लावून पाहा. आतल्या फिल्टरमधून डब्यापर्यंत झिरपणारा प्रवाह त्याने कमी-जास्त होतो, आणि कधीकधी एवढ्यानेच काम होतं.

इतकं करूनही राहिलं तर कडं तोडायचं, पण सिग्नलच्या बाजूने. टीव्ही, सीडी प्लेयर, कॉम्प्युटर यांना ऑप्टिकल आउटपुट असेल तर ते वापरा. तोशिबाने 1983 मध्ये आणलेली ही टॉसलिंक केबल प्लॅस्टिकच्या धाग्यातून प्रकाश पाठवते. तांब्याचा संबंधच नाही, त्यामुळे कडंही नाही. केबल टीव्हीच्या वायरीसाठी छोटा आयसोलेटर मिळतो, तो टीव्हीच्या आधी बसवायचा. नेमक्या कोणत्या जागी हे वायर बसवणाऱ्याला विचारून घ्या, कारण बाहेरून आलेल्या वायरीचं घरात शिरतानाचं अर्थिंग तसंच राहिलं पाहिजे. ॲनालॉग केबलमध्ये घालायचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मरही असतो. हमिंग तो नक्की तोडतो, पण स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असतो आणि खालचे सूर आले की तो भरून जातो. मग बेस बारीक आणि खरबरीत होतो. सबवूफरसाठी असला तुकडा मी तरी लावणार नाही.

दोन्ही यंत्रांना एक्सएलआरच्या तीन पिनांची बॅलन्स्ड सोय असेल तर ती वापरा. त्यात संगीत दोन तारांमधला फरक म्हणून जातं आणि दोन्ही तारांवर सारखाच बसलेला कचरा वजा होतो. जाळीवर संगीताची जबाबदारी नसते. मात्र काही यंत्रांत हीही सोय बिघडवलेली असते. एक नंबरच्या पिनला जोडलेली जाळी डब्याला जोडण्याऐवजी आतल्या नाजूक सर्किटला जोडून ठेवतात, आणि मग जाळीतला कचरा थेट आत जातो. नील मन्सी यांनी 1995 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमधल्या लेखात हा दोष नीट मांडला. ‘पिन 1 प्रॉब्लेम’ हे नाव तेव्हापासून रूढ आहे. महागड्या यंत्रातही बॅलन्स्ड केबलवर हमिंग आलं तर गोंधळू नका, चूक तुमच्या जोडणीत नसेलही.

टर्नटेबलचं वेगळं गाऱ्हाणं

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना हमिंग जास्त का छळतं याला सरळ हिशेब आहे. सुई ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजचे दोन प्रकार: मूव्हिंग मॅग्नेटमधून साधारण 5 मिलिव्होल्ट येतात, मूव्हिंग कॉइलमधून त्याच्याही दहाव्या हिश्श्याइतके. फोनो प्रीॲम्प पहिल्याला सुमारे 100 पट आणि दुसऱ्याला 1000 पटीच्या आसपास वाढवतो. त्यावर आणखी एक भर पडते. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, ते हा फोनो प्रीॲम्प, म्हणजेच फोनो स्टेज, पुन्हा उचलते. आरआयएए या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेल्या वक्रानुसार 50 हर्ट्झ हा सूर 1000 हर्ट्झच्या तुलनेत सुमारे 17 डेसिबल, म्हणजे सातपट उचलला जातो. नेमकं हमिंगच उचलायला ठेवल्यासारखं हे यंत्र आहे.

पहिलं काम: टर्नटेबलमागून आलेली बारीक अर्थची तार फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट बसवा. ती सैल असली तर जोरात हमिंग येतं, आणि टोनआर्मला (सुईच्या दांड्याला) बोट लावलं की बदलतं. काही टर्नटेबलमध्ये ही जोडणी आतच केलेली असते. तिथे वेगळी तार लावून हमिंग वाढलं तर काढून टाका. दोन्ही करून पाहायला काहीच लागत नाही.

हमिंग फक्त एका बाजूला असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक पिना बघा. क्लिप सैल झालेली असते किंवा काळी पडलेली असते. ॲम्प्लिफायर बंद करून, चिमट्याने, अगदी हलक्या हाताने ती काढून परत बसवा.

मग ही चाचणी करा. मोटर बंद, व्हॉल्यूम मध्यम. सुई टेकू न देता टोनआर्म उचलून हळूहळू आतल्या बाजूला न्या. जागेप्रमाणे हमिंग वाढत-घटत असेल तर कार्ट्रिज चुंबकीय क्षेत्र पकडतेय. बाजूला ॲम्प्लिफायर आहे का, खाली एखादा ॲडॉप्टर पडलाय का ते बघा. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराच्या साधारण घनाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठवा हिस्सा. म्हणून वीस सेंटिमीटर सरकवण्यात जो फरक पडतो तो कुठल्याही महाग केबलने पडत नाही. जागा नसेल तर फोनो स्टेज किंवा ॲम्प्लिफायर नुसता पाव वळण फिरवून पाहा, क्षेत्राची दिशा बदलते. आणि केबलच्या जाळीवर भिस्त ठेवू नका. तांब्याची जाळी विद्युत क्षेत्र अडवते, पण 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून आरपार जातं.

चार्जर, दिवे आणि हवेतून येणारं

आवाज ठरावीक वेळीच येतो, किंवा त्यात किरकिर, शिट्टी, कुजबुजणारं रेडिओ स्टेशन असं काही असतं, तेव्हा शत्रू बहुधा सिस्टिमच्या बाहेर असतो. फोनचे चार्जर, एलईडी दिव्यांच्या आतले ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारी सर्किटं), राउटरचे ॲडॉप्टर हे सगळे वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून काम करतात. त्यातले ढिसाळ बांधणीचे लहरी फेकतात, आणि ॲम्प्लिफायरमधलं एखादं ट्रान्झिस्टरचं जंक्शन त्या लहरी पकडून त्यांचा ऐकू येणारा आवाज करतं.

यासाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे बॅटरीवरचा जुना मीडियम वेव्ह रेडिओ. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा, नुसती सरसर येऊ द्यायची, आणि रेडिओ हातात घेऊन घरभर फिरायचं. कुठल्या चार्जरपाशी तो किंचाळतो, कुठल्या दिव्यापाशी घरघरतो, लगेच कळतं. एकदा फिरून या, आपल्या घरात किती गोंगाट आहे हे पाहून थक्क व्हाल. ज्यांच्यापाशी रेडिओ ओरडला ते एकेक करून बंद करा आणि स्पीकर ऐका. रेडिओला त्रास देणारं प्रत्येक यंत्र हाय-फायला त्रास देतंच असं नाही, म्हणून शेवटचा कौल स्पीकरचाच.

सापडलेला चार्जर बदलणं हाच खरा इलाज. बदलता येत नसेल तर त्याच्या वायरीवर फेराइटचा क्लिप (चुंबकीय सिरॅमिकची कडी) लावा, आणि वायर त्यातून नुसती आरपार न घालता तीन-चार वेढे घ्या. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तीन वेढ्यांना नऊपट. फेराइट उच्च वारंवारतेलाच रोखतं. गुळगुळीत 50 हर्ट्झच्या गुणगुणीवर शंभर क्लिप लावले तरी काही होणार नाही.

कॉम्प्युटरला जोडलेल्या डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या यंत्रातून) माउसबरोबर बदलणारी किरकिर येत असेल तर आधी दुसरं यूएसबी पोर्ट बघा, मग ऑप्टिकल, मग यूएसबी आयसोलेटर.

सस्स्स आणि खरखर

सस्स्स पूर्ण जाणार नाही, हे मान्य करूनच सुरुवात करा. कुठल्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन हलत राहतात आणि त्याचा बारीक आवाज होतो. बेल लॅबमध्ये जॉन्सनने तो मोजला आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं. दोघांचे निबंध 1928 मध्ये आले. बघायचं ते इतकंच, की सस्स्स ट्वीटरला कान लावल्यावर ऐकू येतेय की बसायच्या जागेवरून. ट्वीटरशी असेल तर सोडून द्या. खुर्चीतून ऐकू येत असेल तर कुठेतरी गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची पट, फाजील आहे. सोर्सचा आवाज वर आणि ॲम्प्लिफायरचा खाली ठेवा. पॉवर ॲम्पला गेनचं बटण असेल तर ते कमी करा. स्पीकर फार संवेदनशील असतील तरी हेच होतं: 86 डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरवर न जाणवणारी सस्स्स 96 डेसिबलच्या हॉर्न स्पीकरवर 10 डेसिबलने मोठी होते.

बटण फिरवताना होणारी खरखर ही धूळ आणि ऑक्साइड. यंत्र बंद करून बटण टोकापासून टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा, बऱ्याचदा एवढ्याने भागतं. सगळे आरसीए प्लगही काढून, पुसून परत घाला. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा चालतो, बिजागरीचं तेल नको.

ॲम्प्लिफायरच दोषी निघाला तर

सगळं काढलेलं, इनपुट शॉर्ट केलेले, आणि तरी दोन्ही स्पीकरमधून 100 किंवा 120 हर्ट्झची घरघर, तीही गेल्या काही वर्षांत हळूहळू वाढलेली. अशा वेळी वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघायला हवेत. त्यांचं आयुष्य तापमानाशी बांधलेलं असतं. ढोबळ हिशेबाने तापमान दर 10 अंश सेल्सिअसने वाढलं की ते निम्मं होतं, म्हणून बंद कपाटात कोंबलेला ॲम्प्लिफायर लवकर म्हातारा होतो. एकाच बाजूला घरघर असेल तर त्या बाजूच्या सर्किटमधला सुटलेला डाग किंवा भाग असू शकतो.

हे काम दुरुस्ती करणाऱ्याचं. पण जाताना वही घेऊन जा. ‘हमिंग येतंय’ एवढं सांगितलं तर तो पहिल्यापासून शोधत बसेल. त्याऐवजी सांगा: इनपुट शॉर्ट असतानाही येतंय, व्हॉल्यूमने बदलत नाही, दोन्ही बाजूंना सारखं आहे, आलेखात 100 वर सुळका आहे, यंत्र तापल्यावर कमी होतं की वाढतं. एवढं कळलं तर झाकण उघडण्याआधीच पहिला हात कुठे घालायचा हे त्याला ठाऊक असेल.